जपानी डोंगरी काठ

प्रवास माणसाला सत्यासमोर नेऊन उभा करतो. हे वाक्य मी व्याख्यानांच्या पहिल्या तीन वर्षांत, सोलापूर शहर आणि जिल्हा मिळून, एकोणीस वेळा व्यासपीठावरून उच्चारलं आणि एकोणीस वेळा त्याला टाळ्या पडल्या. माझ्यापुरतं ते खरंही आहे. सत्य समोर येऊन उभं राहिलं तेव्हा मी एका जपानी स्टेशनाच्या फलाटावर होतो. मी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि परतीच्या गाडीत जाऊन बसलो.

माझ्या व्याख्यानाचा विषय ‘जपानची डोंगराळ खेडी: त्यांच्या हस्तकला आणि त्यांचं संगीत’. ती खेडी मी पाहिलेली नाहीत. ही गोष्ट माझ्याखेरीज दोघांनाच ठाऊक होती. एक, कोबे बंदरातल्या गुजराती खाणावळीचा महाराज. दुसरी, माझी पत्नी दुर्गा. महाराज समुद्रापलीकडे होता. दुर्गा स्वयंपाकघरात होती.

झालं होतं ते असं. एकोणीसशे पंचवीस साली आमच्या हातमाग सहायक मंडळीत कुणीतरी एका मासिकातला लेख वाचून दाखवला. जपानात एवढ्या गिरण्या झाल्या तरी डोंगरातल्या खेड्यांतून लोक घरच्या घरी कापड विणतात, कागद करतात, बुरुडकाम करतात आणि हे सगळं करताना गातात, म्हणून त्यांची कलाही टिकली आणि गाणंही, असं त्या लेखात होतं. आमच्याकडे गिरण्यांनी माग खाल्ले होते आणि गाण्याची चौकशी कुणी केली नव्हती. तेव्हा कुणीतरी जाऊन प्रत्यक्ष पाहून यावं असं ठरलं. मी बी.ए. होतो, इंग्रजी बोलत होतो आणि समुद्र ओलांडायला हरकत घेईल असं माझ्या घरात वडीलधारं कुणी उरलं नव्हतं. एवढ्या तीन गुणांवर कमलाकर आराध्ये या इसमाची निवड झाली.

मंडळीच्या दोन बैठका झाल्या, त्या जपानवर नव्हे, मी तिथे खाणार काय यावर. शेवटी दीडशे कडक भाकऱ्या आणि दोन डबे शेंगांची चटणी द्यायचं एकमताने मंजूर झालं. कडक भाकरी दोन महिने टिकते, हे सोलापुरात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ती टिकते सोलापूरच्या हवेमुळे, आणि सोलापूरची हवा बोटीवर नसते, हे मात्र मंडळीच्या सतरा सभासदांपैकी एकालाही सुचलं नाही. अठराव्या मलाही नाही. कोलंबो गेल्यावर भाकऱ्या मऊ पडल्या. सिंगापूर यायच्या आत त्या हिरव्या झाल्या. खलाशांनी त्या माझ्यादेखत समुद्रात सोडल्या, एकेक करून, कारण मी तसं सांगितलं होतं.

कोबेत गुजराती व्यापाऱ्यांची खाणावळ सापडली आणि जीव भांड्यात पडला. पुढे तो भांड्याबाहेर निघायला तयार होईना. संध्याकाळच्या वरणभाताला परत येता येणार नाही एवढ्या लांब जायचं माझ्या पायांनी नाकारलं. तिसऱ्या आठवड्यात मनाचा हिय्या करून निघालो. चार तास गाडी, मग एक लहानसं स्टेशन, समोर ढगात बुडालेले डोंगर. वर खेड्यात न्यायला एक वाटाड्याही मिळाला. निघण्यापूर्वी स्टेशनावरचं सूप प्यायलो. तिसऱ्या घोटाला शंका आली. मी वाटाड्याला खुणेने विचारलं, वर खेड्यातही हे मिळतं का. त्याचा चेहरा फुलला. त्याने दोन्ही हात पसरून केवढा मासा मिळतो ते दाखवलं.

परतीच्या गाडीतून, डाव्या हाताला, गवताने शाकारलेली दोन छपरं दिसली. ती मी पाहिली आहेत. हे शपथेवर सांगायला तयार आहे.

दुसऱ्या दिवशी खाणावळीजवळच्या दुकानातून मी डोंगरी खेड्यांची बारा चित्रपत्रं विकत घेतली. छपरं, मागावर बसलेली बाई, कागद वाळत घातलेल्या फळ्या, तंतुवाद्य मांडीवर घेतलेला म्हातारा. संगीताची सोय खाणावळीतच झाली. तिथे भांडी घासायला येणारी जपानी बाई एक ओळ गुणगुणायची. ती चाल मी लक्षात ठेवली. पुढच्या ओळी काही ती गुणगुणली नाही, तेव्हा त्या माझ्या गिरिजाबाई आत्याच्या दळणाच्या चालीवरून घेतल्या. शब्द माझे होते. त्यांना अर्थ नसल्यामुळे कुणी चूक काढू शकत नव्हतं.

परत आल्यावर आठ दिवसांत पहिलं व्याख्यान झालं. महिन्यात मंडळीच्या हातमाग शाळेचं अधीक्षकपद मिळालं. ‘ज्याने डोंगर तुडवले तोच ही शाळा चालवील’, असं ठरावातच लिहिलं होतं. म्हणजे डोंगर काढून घेतले असते तर खाली खुर्ची उरत नव्हती.

आणि काठ. तिथून काय शिकून आलात ते दाखवा, असं मंडळी म्हणू लागली, तेव्हा मी चित्रपत्रं घेऊन साखरपेठेत गंगम्माकडे गेलो. तिचा नवरा संगप्पा मागावर बसायचा, पण नक्षी काढायची ती गंगम्माच. तिने छपरांचं चित्र बराच वेळ पाहिलं.

“ही घरं हाईत व्हय?”

“जपानी घरं. डोंगरातली.”

“कडब्याच्या गंजी हाईत की ओ ह्या. आमच्या आईच्या रानात असल्याच लावत्यात, अक्कलकोटाकडं.”

आठ दिवसांत तिने लुगड्याचा काठ विणून दाखवला. तीन गंजी, मग दोन पारवे, पुन्हा तीन गंजी. तिसरी गंजी जराशी डावीकडे कललेली. ती का कलली म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, आईची कलतीच असायची, बाप दारू पिऊन लावायचा. काठ फार देखणा होता. मी त्याला ‘जपानी डोंगरी काठ’ असं नाव दिलं आणि त्याच्यावर माग चाळीस चालू लागले. आता माझ्या डोंगरांवर माझी खुर्चीच नव्हे, चाळीस मागही उभे होते.

असं तीन वर्षं सुरळीत चाललं. अठ्ठावीस सालच्या वैशाखात वाचनालयाचे चिटणीस मुकुंदराव बोरामणीकर सकाळीच घरी आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “मास्तर, यंदा वसंत व्याख्यानमालेत तुमचंच व्याख्यान शेवटचं. आणि अध्यक्ष असा गाठलाय की सोलापूर नाव काढील.”

“कोण?”

“जपानी.”

मी चहाची बशी खाली ठेवली. 

“बार्शीला रुई खरेदी करायला एक जपानी गृहस्थ येऊन राहिलेत, मात्सुदा म्हणून. काल अडत्याकडे भेटले. म्हटलं, आमचे आराध्ये मास्तर तुमच्या डोंगरांत राहून आलेत. बिचाऱ्यांनी एकदम हात जोडले. शनिवारी येतायत.”

“कुठल्या भागातले आहेत ते?”

“मी विचारलं नाही. तुम्हीच विचारा की, तुमचं ते घरच.”

शनिवारला पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत मला काय काय झालं याची यादी वैद्याला दिली असती तर त्याने तीन रोग वेगळे काढले असते.  व्याख्यान पाठ होतं ते आठवेना आणि नको ते आठवू लागलं. दुसऱ्या मिनिटाला मी म्हणतो, ‘तिथल्या स्त्रिया पहाटे उठून प्रथम सूर्याला तांदळाच्या तीन मुठी वाहतात.’ हे मी कुठून आणलं होतं? सहाव्या मिनिटाला म्हणतो, ‘कागद वाळताना त्याला गाणं ऐकवलं नाही तर तो पिवळा पडतो.’ यावर अकलूजला एका हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“मग सांगून टाका खरं काय ते,” दुर्गा भाकरी थापता थापता म्हणाली.

“कुणाला?”

“त्या जपान्याला. म्हणावं, तुमच्याकडं मासे फार.”

“तुला चेष्टा सुचतेय. तो चारशे माणसांत उठून नुसतं ‘असं नाही’ म्हणाला तरी माझी नोकरी गेली.”

“गेली तर नातेपुत्याला जाऊ. माझ्या भावाच्या चार म्हशी आहेत. तुम्हाला धार काढता येते का?”

“नाही.”

“मग व्याख्यान द्या त्यांना.”

ती हसली नाही, हे मला जास्त लागलं. मग हात धुऊन ती म्हणाली, “अहो, ती चित्रं दाखवता तुम्ही पडद्यावर. त्यांच्याखाली काय लिहिलंय?”

मी पानावरून उठलो. प्रत्येक चित्राखाली जपानी अक्षरांची एक ओळ होती. ती ओळ तीन वर्षं मी एकोणीस सभांना दाखवत होतो. तिसऱ्या चित्राला मी ‘खेड्यातील सर्वांत वृद्ध विणकरीण’ म्हणायचो. खाली कुणा नटीचं नाव लिहिलेलं असलं तर? म्हाताऱ्या गवयाखाली ‘तुरुंगातील कैदी’ असं असलं तर? सोलापुरात ते वाचू शकणारा माणूस आजवर नव्हता. शनिवारी तो पहिल्या रांगेत, मध्यभागी, हार घालून बसणार होता.

मी तडक चन्नवीर फोटोवाल्याकडे गेलो. चित्रांच्या काचा त्यानेच केल्या होत्या आणि व्याख्यानाला पडद्यावर चित्रं पाडणारा मॅजिक लँटर्नही तोच चालवायचा.

“चन्नवीर, ही खालची अक्षरं काढून टाक.”

“का ओ? अक्षरं हाईत म्हणून जपान वाटतंय. अक्षरं काढल्यावर हे धारवाडाकडचं खेडं होतंय बघा.”

“अक्षरांनी लोकांचं लक्ष चित्रावरून उडतं.”

“आजवर उडलं नव्हतं?”

“आजवर त्यांना वाचता येत नव्हती.”

हे मी बोलायला नको होतं. चन्नवीरने माझ्याकडे पाहिलं, पण तो धंद्याचा माणूस होता. त्याने काचांवर काळ्या कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवून दिल्या. डिंक संपला होता, म्हणून शेजारच्या विणकराकडून सुताला लावायची खळ आणली. ‘पक्की बसली’, असं म्हणून त्याने मला काच उन्हात धरून दाखवली. बारा ओळींच्या जागी बारा काळ्या रेघा पाहून मला दोन तास झोप लागली.

दुसऱ्या दिवशी आठवलं, काठ राहिला. व्याख्यानाच्या वेळी टेबलावर डोंगरी काठाची लुगडी मांडायची प्रथा होती. साखरपेठेत गेलो तर गंगम्मा उंबऱ्यात बसून चाकावर सुताच्या कांड्या भरत होती.

“गंगम्मा, या काठाला नुसतं ‘डोंगरी काठ’ म्हटलं तर?”

“आन् जपान?”

“जपान काढून टाकू.”

“असं कसं ओ मास्तर. जपान म्हणून तर बायका घेत्यात की. गेल्या साली एक बार्शीची बाई दोन लुगडी घेऊन गेली, म्हणली, साहेबाच्या बायका नेसत्यात तसलं हाय.”

“मग तुझ्या आईचं नाव दे. गंजी काठ.”

“गंजी कोन घेतंय? गंजी त्यांच्या परसात बी हाय.” तिने चाकाला हात घातला. “तुमाला बरं न्हाय व्हय? तोंड लई उतरलंय.”

“बरं आहे.”

“तुमचा पाव्हणा येतोय म्हनं, तितला. त्येला दाखवा की काठ. त्येला गावची आठवन येईल.”

ती हे अगदी मनापासून म्हणाली. एवढा काळ तिला खरोखरच वाटत होतं की जपानात तिच्या आईच्या गंज्यांसारखी घरं आहेत आणि तिथल्या बायका त्या विणतात. तिथून निघालो ते पायात जोडा न घालताच, हे मला मंगळवार पेठेत येईपर्यंत कळलं नाही.

शनिवारी बार्शीहून येणाऱ्या गाडीवर मी मोठी आशा ठेवली होती. ती वेळेवर आली.

मात्सुदा हे ठेंगणे, पांढऱ्या ड्रिलच्या कोटातले, चाळिशीचे गृहस्थ होते. त्यांना बाजारापुरतं हिंदुस्थानी येत होतं, इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं आणि मराठी ‘रुई’, ‘सरकी’ आणि ‘उद्या’ एवढं येत होतं. त्यांनी मला तीनदा वाकून नमस्कार केला. मी चारदा केला. त्यांच्या कपाळावर घाम होता. वैशाख आहे, असं मी मनाशी म्हटलं.

सभागृहात बसायला जागा नव्हती. मुकुंदरावांनी प्रास्ताविकात सांगितलं की आजवर आपण मास्तरांचं ऐकून घेत होतो, आज त्यावर मोहोर उठणार आहे. मोहोर म्हणताना त्यांनी मात्सुदांकडे हात केला. मुकुंदरावांनी त्यांच्या कानात इंग्रजी तर्जुमा सांगायचं ठरवलं होतं, म्हणजे माझं एकेक वाक्य सावकाश, दोनदा, त्यांच्यापर्यंत पोचणार होतं. मी तांदळाच्या तीन मुठी वगळल्या. कागदाला गाणं ऐकवणं वगळलं. वगळत वगळत मी चौथ्या मिनिटाला व्याख्यानाच्या शेवटाशी आलो, तेव्हा मागून गंगाधरपंत वकील म्हणाले, “मास्तर, आज गाडी कुर्डुवाडीला थांबली नाही वाटतं?” सभा हसली. मी चन्नवीरला दिवे मालवायची खूण केली.

पहिलं चित्र पडद्यावर आलं. छपरं, झाडं, खाली काळी रेघ. दुसरं आलं. काळी रेघ. माझा श्वास परत आला. तिसरं, विणकरीण. मी तिच्याविषयी बोलू लागलो आणि माझ्या लक्षात आलं की रेघेचं डावं टोक हललं.

खळ सुताला लावतात, ती थंड सुताला. लँटर्नच्या दिव्याची धग तिला सोसत नाही. पट्टी सुकली, टोकाकडून वळली आणि हळूच, एखाद्याने पापणी उघडावी तशी, वर उचलली गेली. खालची अक्षरं पडद्यावर हातभर मोठी उमटली. मी ‘पुढचं’ म्हणालो. पुढच्याचीही सुटली. मी ‘पुढचं’ म्हणालो. आता चन्नवीर चित्र बदलायच्या आधीच पट्ट्या सुटत होत्या.

अंधारात मात्सुदांनी खिशातून चष्मा काढला. तो काढल्याचा आवाज मी ऐकला. त्यांनी तो लावला, पुढे वाकले आणि वाचलं. पाचवं चित्र वाचलं, सहावं वाचलं. आठव्याला त्यांनी मुकुंदरावांच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा मागे घेतलं. मी काय बोलत होतो मला माहीत नाही. नंतर लोकांनी सांगितलं की त्या दिवशी माझ्या आवाजात जो कंप होता तो पूर्वी कधी नव्हता, आणि जपानविषयी मला किती प्रेम आहे ते तेव्हा कळलं.

दिवे लागले. “आता गाणं,” गंगाधरपंत म्हणाले, आणि मागची पोरं ‘गाणं, गाणं’ करू लागली. ते गाणं शहरात तीन शाळांतून कवायतीच्या वेळी म्हटलं जात होतं. मी घशाला हात लावला.

“घसा बसलाय.”

“आत्ता तर बोलत होतात.”

“बोलून बसला.”

“हात्तिच्या,” मुकुंदराव उठले. “अस्सल माणूस बसलेला असताना नकलेचा हट्ट कशाला? आपण अध्यक्षांनाच विनंती करू. त्यांच्या डोंगरातलं एक होऊन जाऊ द्या.”

तर्जुमा झाला. मात्सुदांचा चेहरा कुठल्या रंगाचा झाला ते मी जवळून पाहिलं. तो रंग मी पाच दिवस आरशात पाहत होतो. ते उठले. कोटाची बटणं लावली. हात मांड्यांना चिकटवले आणि छताकडे पाहून खणखणीत आवाजात एक गाणं म्हटलं. त्याला ठेका होता, अगदी पाय आपटावा असा. चार कडवी झाली. सभेने टाळ्या वाजवल्या.

“चांगलं आहे,” गंगाधरपंत शेजाऱ्याला म्हणाले, “पण मास्तरांचं जास्त जपानी वाटतं.”

अध्यक्षीय समारोप मात्सुदांनी एका वाक्यात केला. मुकुंदरावांनी त्याचं मराठी केलं: “वक्त्यांनी जे सांगितलं त्यात भर घालण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.” त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. मी एकटाच त्या वाक्याचा अर्थ लावत बसलो.

पन्हं प्यायला आम्हाला मागच्या खोलीत नेलं. मुकुंदराव हार आवरायला गेले आणि आम्ही दोघंच उरलो. टेबलावर काठाची लुगडी आणून ठेवलेली होती. मी दार लोटलं.

“चित्रांखाली काय लिहिलं होतं?” मी इंग्रजीत विचारलं. एवढ्या भीतीनंतर माणूस धीट होतो.

“दुकानाचा पत्ता,” मात्सुदा म्हणाले.

“बाराही चित्रांखाली?”

“बाराही. आणि छापण्याचे हक्क राखून ठेवले आहेत, असं.”

ते पन्ह्याकडे पाहत होते.

“खेडी फार सुंदर आहेत,” ते म्हणाले. “मी कधी गेलो नाही. मी ओसाकाचा. डोंगरात थंडी असते. तुमच्या चिटणीसांनी बोलावलं तेव्हा मला वाटलं, वक्ता काही विचारील, आणि मला उत्तर येणार नाही. पाच दिवस मला झोप नाही.”

“आणि गाणं?”

“आमच्या व्यापारी शाळेचं. कवायतीच्या वेळी म्हणायचं.”

दोघांनीही पन्हं संपवलं. मला मोठ्याने हसावंसं वाटत होतं आणि खुर्चीला धरून राहावंसंही वाटत होतं. मग त्यांनी वरचं लुगडं उलगडलं, काठ दिव्यासमोर धरला आणि चष्मा पुन्हा लावला. आता त्यांच्या कपाळावर घाम नव्हता. रुईची मूठ पारखताना व्यापारी जसा बघतो तसे ते बघत होते.

“हा मात्र आमच्याकडचा नाही,” ते म्हणाले.

मी रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

“तुम्ही सभेत आमच्याकडचा म्हणालात.”

 दाराबाहेर मुकुंदरावांची पावलं वाजत होती.

“याचा एक तुकडा मिळेल? आणि विणायचा कागद, असला तर?” त्यांनी तीनदा वाकून नमस्कार केला. ती धमकी नव्हती. ते खरोखर सज्जन होते. पण मुकुंदराव दारात आले होते आणि मला त्यांच्या तोंडून पुढचं एकही वाक्य निघायला नको होतं.

“सकाळी स्टेशनावर आणून देतो,” मी म्हणालो.

उजाडताच साखरपेठेत गेलो. कुठला धागा उचलायचा आणि कुठला सोडायचा याचा गंगम्माचा चौकटींचा कागद होता. तीन वर्षांत तो चार ठिकाणी जोडलेला होता. माग चाळीस झाले तरी मूळ कागद तिने कधी घराबाहेर दिला नव्हता. बाकीचे विणकर तिच्याकडे येऊन उतरवून नेत.

“कशाला पायजे?”

“पाहुण्यांना. आठवण म्हणून.”

तिने विचार केला. “त्येंच्याच देशाचा काठ, आन् त्येनाच आठवन?”

याला खरं उत्तर होतं, पण त्याची किंमत म्हणजे माझी खुर्ची होती. मी म्हणालो की जपानी लोक फार भावुक असतात. तिने मान हलवली, कागद फळीवरून काढला, फडक्यात गुंडाळला आणि म्हणाली, “सांगा त्येनला, तिसरी कलतीच ठेवा म्हनावं. सरळ केली की मेलेली दिसतीया.”

स्टेशनावर कागद देताना मी ते मात्सुदांना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर मी दीड वर्ष इतका सुखी होतो की दोन व्याख्यानं जास्त दिली. ‘खुद्द जपानी अध्यक्षांना ज्यात भर घालता आली नाही’, असं जाहिरातीत छापू लागले. दुर्गाने म्हशींचा विषय सोडला. तांदळाच्या तीन मुठी परत आल्या.

एकोणतीस सालच्या दिवाळीला पाडव्याच्या लुगड्यासाठी दुर्गाला घेऊन मंगळवार पेठेत गेलो. दुकानात तोबा गर्दी. घडीवर घडी पडत होती आणि प्रत्येक घडीला तीन गंजी, दोन पारवे, तीन गंजी. सूत गुळगुळीत, रंग झगझगीत, किंमत निम्मी.

“डोंगरी काठच आहे, वहिनी,” दुकानदार म्हणाला. “हातमागाचा आता कोण घेतो?”

आमच्या शेजारी बायकांच्या घोळक्यात गंगम्मा उभी होती. विकत घ्यायला नव्हे, बघायला आली होती. तिने काठ चिमटीत धरला आणि बोट फिरवत तिसऱ्या गंजीपाशी आणलं. ती डावीकडे कललेली होती. प्रत्येक लुगड्यात, प्रत्येक वेळी, सारखीच.

“बरोबर कललीय,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “पाव्हण्यानं ऐकलं की ओ आपलं.”

दुर्गाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने घडी खाली ठेवली आणि दुसरं काही दाखवा म्हणाली.

हातमाग शाळेचा अधीक्षक मी अजूनही आहे. चाळीस मागांपैकी सदतीसांवर आता साधे पंचे निघतात. संगप्पाचा माग त्यातलाच.

त्या दिवशी दुकानात लुगड्यांच्या सोडलेल्या गठ्ठ्याचं गोणपाट माझ्या पायाशी पडलं होतं. त्यावर निळ्या शाईचा दोन ओळींचा शिक्का होता. वर ‘अस्सल सोलापुरी काठ’. खाली ‘मेड इन जपान’.